डॉक्टरीणबाईंचं दुसरं इंजिन

हळद शिजायला लागली की लोकांना लग्नसराई आठवते. मला इंजिन आठवतं. आता याला कोणी काय करावं? माघ सरत आला की औंढा रोडच्या दोन्ही अंगांना शेताशेतांत कढया चढतात, हळदीच्याच वाळल्या पाल्याचा जाळ लागतो आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर तो ओला, मातकट, जरासा कडवट वास गावात शिरतो. माझ्या बायकोला तो सोसत नाही. ती खिडकी लावून घेते, मी उघडतो. पन्नास वर्षांच्या संसारात या एका खिडकीवरून आमचं जेवढं वाजलं, तेवढं दुसऱ्या कशावरूनही वाजलेलं नाही. यंदाही वास आला आणि ओसरीवर बसल्या बसल्या मी नकळत बोटं एकमेकांवर चोळायला लागलो. ग्रीस लागलेली बोटं चोळतात तशी.

तेव्हा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. विहिरींना पाणी आलं होतं आणि लोक पुन्हा हळद लावायला धजावले होते. मी सव्वीस वर्षांचा. नांदेडच्या आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकून परत आलेलो, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या लिलावात लेथ घेतलेला आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो मांडून बसलेलो. माझ्या बापानं हयात दुसऱ्याच्या शेतात काढली. त्यामुळे भीमनगरातलं उत्तम नावाचं पोरगं लोखंड कातून राहिलंय, हे बघायलाच लोक आधी यायचे. बघून जायचे. काम मात्र द्यायचे नाहीत. दिलंच तर पंपाचा शाफ्ट, गाडीच्या चाकाचा बुश, असलं. ते बिघडलं तरी फार कुणाचं नडत नाही.

आणि त्याच गावात एक हिरवी स्पोर्ट्स गाडी होती. खरं सांगतो. दोन माणसांची, लांब नाकाची, वर कापडाचं छप्पर, आणि इतकी बुटकी की आत बसलेला माणूस रस्त्यावर पाय पसरून बसल्यासारखा दिसायचा. लोक तिला बसकी गाडी म्हणायचे. हैदराबादच्या कुण्या नवाबाचा शौक संपला तेव्हा आमच्या गावच्या डॉक्टरसाहेबांनी ती आणली होती. डॉक्टरसाहेब गेले आणि गाडी डॉक्टरीणबाईंकडे राहिली. बाई पुण्याकडच्या. पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून त्या गाडी चालवायच्या, शेजारच्या सीटवर औषधांची पेटी. दर मंगळवारी शिरड शहापूरला त्यांचा दवाखाना असे. परतताना एखादी अडलेली बाई निघाली तर पेटी मागच्या फटीत जायची आणि ती बाई पेटीच्या जागी. नवाबानं कुठली हौस म्हणून घेतलेली गाडी आणि तिच्या नशिबी काय काम आलं, याचं मला अजून हसू येतं.

त्या वर्षी गाडीनं धूर धरला. औंढ्याच्या अलीकडच्या चढावर ती लागोपाठ दोन मंगळवार बसली. तिकडे शिरडच्या चावडीवर बाया उन्हं उतरेपर्यंत वाट बघून घरी गेल्या. गफूर उस्ताद हे गावातले जुने मेकॅनिक. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“बाईसाब, इसकू अब छुरी लगाना पडता,” ते म्हणाले. छुरी म्हणजे बोर, सिलिंडर आतून कातून मोठे करायचे. “एक बार बोर होता, दुबारा नै. दीवार पतली होजाती. फटी तो खतम.”

डॉक्टरीणबाईंनी नकाराची मान हलवली. “हे इंजिन साहेबांनी शेवटचं जुळवून बंद केलंय, उस्ताद. तुम्हीच होतात ना बरोबर?”

होते. त्या उन्हाळ्याची गोष्ट उस्तादांनी मला शंभर वेळा सांगितली आहे. दवाखान्याच्या ओसरीवर सतरंजी अंथरून साहेबांनी आणि उस्तादांनी ते इंजिन शेवटच्या नटापर्यंत सोडलं होतं आणि पुन्हा जुळवलं होतं. त्यानंतर त्याच्या आत कुणाचा हात गेलेला नव्हता.

“मग ते उघडायचं नाही. त्यांनी जसं लावलं तसंच राहू द्या,” बाई म्हणाल्या. “ज्या दिवशी मी काम सोडीन त्या दिवशी एकदा चालवीन. दवाखान्यातून घरापर्यंत.”

“और मंगलवार?”

“मंगळवारही चुकवायचा नाही.”

दोन्ही अटी ऐकून उस्ताद बाहेर आले, बिडी पेटवली आणि माझ्या शेडकडे चालत आले. गावात एवढे लोक असताना ते माझ्याकडेच का आले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही हेच खरं. दुसरं इंजिन उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या नखरेल गाडीचं इंजिन आणि त्याच घराण्यातल्या साध्या मोटारीचं इंजिन यांचा सांगाडा एकच असतो. आणि तसा एक सांगाडा उस्तादांनी पाहिला होता, शिरडलाच, किसनरावांच्या शेतात. तिथं तो रॉकेलवर चालत होता आणि हळद पॉलिश करायचा लोखंडी ढोल फिरवत होता.

आम्ही गेलो तेव्हा तो फिरतच होता. ढोलाच्या आत हळकुंडं एकमेकांवर घासत होती, सगळं खळं पिवळ्या धुळीनं भरलेलं. इंजिन पिवळं, किसनराव पिवळे, त्यांच्या मिशाही पिवळ्या. चहा आला. उस्तादांना कपबशीत आणि मला कोनाड्यातल्या वेगळ्या पितळी पेल्यात. मी म्हणालो, मी चहा घेत नाही. खरं तर तलफ आलेली होती. किसनरावांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

उस्तादांनी सगळं सांगितलं. किसनराव ऐकत होते. मंगळवार चुकल्याचं त्यांना आमच्याहून जास्त माहीत होतं, कारण त्यांच्या सुनेला नववा लागला होता.

“घिऊन जा,” ते म्हणाले.

“और ढोल?” उस्तादांनी विचारलं. हळद अजून अर्धीही पॉलिश झालेली नव्हती.

“हातानं फिरवू. आठ माणसं लावू. आमचा बाप हातानंच फिरवत व्हता.” मग उठता उठता त्यांनी एक पिशवी आणून माझ्या हातात ठेवली. “ही हळद असू द्या. पान्यात मूठभर टाकत जा, म्हंजी गळत न्हाई. बराबर ऱ्हातं.”

रस्त्याला लागल्यावर मी पोटभर हसलो. रेडिएटरमध्ये हळद. आयटीआयच्या मास्तरांना सांगायला पाहिजे, असं मनात म्हणालो. उस्ताद हसले नाहीत.

एखादी चांगली वस्तू जपून ठेवायची आणि रोजच्यासाठी दुसरी वापरायची, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. पाहुण्यांची वाकळ वेगळी असते, सणाची कपबशी वेगळी असते. लहानपणी मला याचा राग यायचा. चांगलं ते आपल्या वाट्याला कधीच का येत नाही, असं वाटायचं. त्या हंगामात पहिल्यांदा मी उलट्या बाजूनं बघितलं. रोजची वाकळ शिवणाऱ्यालाही टाका नीटच घालावा लागतो. उलट जास्त नीट, कारण ती रोज अंगावर घेतात.

मूळ इंजिन दवाखान्यामागच्या चिंचेला साखळी बांधून काढलं. ठेवायचं कुठं यावर तीन दिवस चर्चा. शेवटी बाईंच्या स्वयंपाकघरातली जोंधळ्याची कणगी रिकामी केली. तेलात बुडवलेलं किंतान गुंडाळून इंजिन तिच्यात उतरवलं आणि भोवती कडुनिंबाचा पाला घातला. पाल्यानं लोखंडाला काय होतं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण कणगीत काही ठेवलं आणि पाला घातला नाही, असं आमच्याकडे होत नाही. उस्तादांनी प्रत्येक प्लगच्या भोकातून तेल सोडलं आणि बजावलं की महिन्यातून एकदा पान्यानं अर्धा फेरा द्यायचा, नाहीतर ते आतल्या आत धरून बसेल. बाई म्हणाल्या, अमावास्येला देत जाईन. देवधर्माचा त्यांना फारसा सोस नव्हता. पण अमावास्या या गावात कुणी विसरू देत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

मग माझे दिवस सुरू झाले. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी क्वचितच होतो. सकाळी शेड उघडावं, लेथला तेल द्यावं, आणि समोर ते पिवळं धूड. ते धुवायचं कसं? शेजारच्या मळ्यात हळद शिजून झालेली एक कढई मोकळी होती. तिच्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घालून आम्ही इंजिनाचा सुटा केलेला ब्लॉक चक्क शिजवला, हळदीसारखाच, वर पोतं झाकून. पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग काळं. तीन पाणी बदलली. ब्लॉकच्या आत पाणी खेळतं त्या वाटांमध्ये हळद अगदी खरपुडीसारखी धरून बसली होती. ती मी तारेनं खरवडली, कोपरान्‌कोपरा स्वच्छ केला. उस्ताद म्हणाले, बस झालं. मी म्हणालो, न्हाई उस्ताद, काम करायचं तर पक्कं. माझ्या हातून पहिल्यांदाच कुणी काहीतरी नडणारं काम करून घेत होतं, आणि ते कढईतून बाहेर आलेलं राखाडी, कोरं लोखंड बघून मला भरून आलं होतं.

चार सिलिंडरांसाठी बिडाचे चार स्लीव्ह, म्हणजे आतून बसवायच्या अस्तराच्या नळ्या, कातले. एकेक स्लीव्ह केसभर मोठा ठेवायचा, म्हणजे घट्ट बसतो. बसवायच्या दिवशी ब्लॉक पुन्हा कढईत तापवला, आणि स्लीव्ह बर्फात. बर्फ आणला सरबतवाल्याकडून. लोखंडाला बर्फ कशाला, म्हणून तो सायकल टाकून बघायलाच आला. गरम ब्लॉकमध्ये गार स्लीव्ह सोडला की तो सुळकन खाली जातो आणि मग क्षणभरात धरतो. चारही धरले. बघायला पंचवीसएक माणसं जमली होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कामं यायला लागली.

इंजिन जुळलं, गाडीत बसलं. शनिवारी सकाळी बाईंच्या घराच्या अंगणात उस्तादांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. तिसऱ्या बादलीला ब्लॉकच्या डाव्या अंगावर बोटभर लांब ओली रेघ उमटली. मी पुसली. पुन्हा उमटली.

मला कळलं. लगेच कळलं. चीर जुनीच होती. कितीतरी वर्षं ती किसनरावांच्या हळदीनं धरून ठेवली होती आणि ती हळद मी तीन पाण्यांनी धुऊन, तारेनं खरवडून, अभिमानानं काढून टाकली होती.

दवाखान्याचे कंपाउंडर ओसरीवरून म्हणाले, “एवढं काय? दुसरं आहेच की कणगीत. त्याचा ब्लॉक घ्या, बोर करा, झालं.” ते वाईट बोलले नव्हते. मंगळवारचाच विचार करत होते.

डॉक्टरीणबाई आत गेल्या. स्वयंपाकघराच्या दारातून मला त्या दिसत होत्या, कणगीच्या काठावर हात ठेवून उभ्या. बाहेर आल्या तेव्हा आवाज नेहमीचाच होता. “उत्तम, दुसरा इलाज नसेल तर ते काढा. बाया वाट बघतात तिकडं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या एका चुकीपायी त्या साहेबांचं शेवटचं काम मोडायला तयार झाल्या, हे मला फार लागलं. मी म्हणालो, “बाई, चूक माझी हाये. मला सोमवारपर्यंत द्या. तोवर त्याला हात लावू नका.”

उस्तादांनी जिनिंगच्या बॉयलरवर एक काम होताना बघितलं होतं, लोखंड शिवायचं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तिला थांबवायचं. मग चिरेवरच भोक पाडायचं, त्याला आटे पाडायचे, तांब्याचा स्क्रू घट्ट बसवून वरून कापायचा. पुढचं भोक असं पाडायचं की ते आधीच्या स्क्रूला थोडं खाईल. असं ओळीनं. मी ते कधी केलं नव्हतं. शनिवारी दुपारी तांब्याच्या कांबीवर आटे पाडायला बसलो. रविवारी एक ड्रिल मोडलं आणि माझ्या तोंडून उस्तादांसमोर नको ते शब्द गेले. सोमवारी दुपारी अकरावा टाका बसला. उस्ताद तोपर्यंत शेजारी स्टुलावर बसून होते. एकदाही त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला नाही. गुरू मी पुढंही पाहिले, पण इतका वेळ हात मागे ठेवून बसणारा दुसरा पाहिला नाही.

पाणी ओतलं. धार नाही. थेंब नाही. पण बघता बघता टाक्यांच्या मधे घाम आला, कपाळावर येतो तसा. इंजिन तापलं की तो वाढणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. पिशवी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली होती, तिला मी हातही लावला नव्हता. पण मी उठायच्या आत डॉक्टरीणबाई त्यांच्या स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊन आल्या होत्या. जखमेवर हळद भरून येणाऱ्या माणसांवर या बाई अशा कडाडायच्या की दवाखान्याबाहेर ऐकू यायचं. त्यांनी स्वतःच्या हातानं मूठभर हळद रेडिएटरमध्ये सोडली, झाकण लावलं आणि हात झटकले.

“हे शिरडमध्ये कुणाला सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या.

इंजिन सुरू केलं. तापू दिलं. टाके कोरडे. तासाभरानंही कोरडे. उस्तादांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, मग तो माझ्याकडे दिला. मी ऐकलं. आत सगळं जागच्या जागी चाललं होतं. एवढं समाधान अजून कुठल्या आवाजानं मला दिलं नाही, लेकरांच्या पहिल्या रडण्यानंही नाही, आणि हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

मंगळवारी बाई गाडीनं गेल्या. वाटेत काही झालं तर म्हणून उस्ताद आणि मी मागून एसटीनं. चढावर आमची नजर रस्त्याच्या कडेला. बसकी गाडी कुठंच नव्हती. ती केव्हाच पोचली होती. किसनरावांच्या दारात गेलो तर गाडी आणि बाई तिथंच, आणि ते हातात साखर घेऊन उभे.

“सून सोमवारीच मोकळी झाली, सुईणीच्या हातानं. नातू हाये,” ते म्हणाले. “बाई, तुमची गाडी एक दिस मागं ऱ्हायली बघा.”

मग ते गाडीपाशी गेले. आपल्या इंजिनाला बघायचा त्यांचा हक्कच होता. रेडिएटरचं झाकण उघडलं, आत डोकावले. पाणी पिवळंधम्मक. त्यांनी झाकण परत लावलं, माझ्याकडे वळले आणि असे हसले, असे हसले, की आतून बाया बाहेर आल्या. डॉक्टरीणबाई साडीचा पदर नीट करत दुसरीकडे बघत राहिल्या. चहा आला, सगळ्यांना एकाच ट्रेमधून, एकसारख्या कपबश्यांत. किसनरावांनी माझी कपबशी स्वतः उचलून दिली. मी चहा घेतला. दुसरा कपही घेतला.

ते इंजिन बारा वर्षं चाललं. दर हंगामाला शिरडची मूठभर हळद. कणगीतल्या मूळ इंजिनाला दर अमावास्येला अर्धा फेरा. बाईंनी काम सोडलं त्या दिवशी उस्ताद थकलेले होते, तरी खुर्ची टाकून बसले आणि मी मूळ इंजिन परत चढवलं. किंतान काढलं तर लोखंड जसंच्या तसं. दवाखान्यातून घरापर्यंत दोन फर्लांगही नाही. बाई ते अंतर पहिल्या गिअरमध्ये, हळू हळू गेल्या. मागं निळा धूर. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते. घरापाशी बाईंनी इंजिन बंद केलं आणि त्या उतरल्या. पुढं त्यांची भाची ती गाडी ट्रकवर चढवून पुण्याला घेऊन गेली.

दुसऱ्या इंजिनाबद्दल बाई मला म्हणाल्या होत्या, “किसनरावांचं किसनरावांना पोचवा. उसनं आणलेलं आहे.” मी पोचवलं. तोपर्यंत त्यांच्याकडे विजेची मोटर आलेली होती.

परवा ओसरीवर बसून बोटं चोळत होतो, तेव्हा बायको म्हणाली, “जाऊन या एकदाचे.” म्हणून शिरडला गेलो. डॉक्टरीणबाई नाहीत, उस्ताद नाहीत, किसनरावही नाहीत. सोमवारी जन्मलेला तो नातू सोमनाथ, आता त्याच्याही मिशा पिवळ्या झालेल्या. खळ्याच्या कडेला, लिंबाखाली, दगडांच्या ओट्यावर ते इंजिन होतं. वर पत्रा, पत्र्यावर धूळ. मी खाली बसलो. डाव्या अंगाला तांब्याचे टाके हिरवे पडले होते. अकरा.

“भंगारवाला दर साली इचारतो,” सोमनाथ म्हणाला. “पन आजा सांगून गेला, हे डॉक्टरीणबाईचं हाये. आपुन त्यायले दिलं व्हतं. काम पडलं की नेतील. इकायचं न्हाई.”

बाईंनी मला काय सांगितलं होतं ते माझ्या ओठावर आलं होतं. मी ते तसंच ठेवलं. एवढंच म्हणालो, “गंजून गेलं असंल आतून.”

“काहून गंजंल?” सोमनाथनं ओट्यामागून एक लांब पाना काढला. मूठ हात लागून लागून गुळगुळीत झालेली. “ते परत आलं तवा बाईनं आज्याला सांगितलं व्हतं, अमावस्येला अर्धा फेरा देत जा. आजा द्यायचा. मंग बाप. आता मी देऊन राहिलो. आज अमावस्या न्हाई, पन तुमी आलाव तर द्या की.”

मी पाना लावला. हाताला पूर्वीसारखा जोर नाही, पण लागलाच नाही. अर्धा फेरा झाला, आणि आत माझ्या चार स्लीव्हमधून हवा हळूच सुटल्याचा आवाज आला. मी तो ओळखला. पाना परत देताना सोमनाथला म्हणालो, पुढच्या अमावास्येला मला बोलव.